आत्याचे दोन तास

लेसिएलीचं नाव तिच्या आत्यानं ठेवलं होतं. भावाच्या पोराला नाव बहिणीनं द्यायचं ही टोंगाच्या माणसांची रीत, आणि त्यात आईबापाला कोणी विचारत नाही. मुलगी जन्मली तेव्हा तोआकासे आत्या तिकडं एउआ बेटावर होती. तिथून तिनं फोन केला, "लेसिएली," एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला. सातेकीच्या, म्हणजे मुलीच्या बापाच्या, मनात दुसरं नाव होतं. ते त्यानं गिळलं.

म्हणून सतरा वर्षांनी, बारावीच्या समाजशास्त्रासाठी त्याच आत्याला खोटं नाव ठेवायची पाळी लेसिएलीवर आली तेव्हा तिला ते उलटंच वाटलं. आत्यानं भाचीला नाव द्यावं हे ठीक. भाचीनं आत्याला कसं द्यायचं?

वरुला हे ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीकाठचं, द्राक्षांवर आणि बदामांवर जगणारं गाव. शाळा एकच, आणि बारावीत समाजशास्त्राला सात मुलं. हा सोपा विषय अशी गावातल्या आईबापांची पक्की समजूत. ज्याचं गणिताशी जमत नाही त्याला इकडं ढकलायचं. ज्यांनी ते पुस्तक कधी उघडलं नाही तेच हे बोलतात, त्यांचं सोडा. लेसिएलीनं विषय स्वतः मागून घेतला होता. अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात पास्को मिसनी फळ्यावर कुटुंबाचे प्रकार काढले, आणि आपल्या घरी काका, काकू, आत्या नि कुणाकुणाची पोरं अशी जी खिचडी आहे तिला पुस्तकात नाव आहे, धडा आहे, परीक्षेत गुण आहेत, हे त्या पोरीला पहिल्यांदा कळलं. तोवर तिला वाटायचं, गोऱ्या पोरांची ती घरं आणि आपली नुसती गर्दी. त्या दिवशी घरी येऊन ती आईला म्हणाली, "आई, आपलं कुटुंब विस्तारित आहे." आई म्हणाली, "मग भांडीपण विस्तारित आहेत. घास."

ग्लेनिस पास्को मिस साठीच्या घरातल्या, काटक, गावातच वाढलेल्या. बोलायला मऊ, पण एका बाबतीत कर्दनकाळ. बारावीला प्रत्येकानं एका माणसाची मुलाखत घेऊन अहवाल लिहायचा असे आणि त्याचे चार नियम मिसनी वर्गाच्या दारावर चिकटवले होते. मुलाखत देणाऱ्याची लेखी संमती घ्यायची. नाव बदलायचं. गाव, कामाचं ठिकाण, ओळख पटेल असं काही लिहायचं नाही. आणि गुण मिळाले की आवाजाची नोंद पुसून टाकायची, तीही मिसच्या टेबलासमोर उभं राहून.

पोरं हसायची. मिस हसत नसत. नऊ वर्षांपूर्वी एका पोरानं चांगला अहवाल लिहिला होता, खऱ्या नावांसकट, आणि तो वाचनालयाच्या टेबलावर विसरला. महिन्याभरात द्राक्षमळ्यातल्या वस्तीवर सरकारी गाडी आली आणि कागद नसलेल्या सहा जणांना घेऊन गेली. अहवालामुळंच आली असं कोणी सिद्ध केलं नाही. मिसना सिद्ध व्हायची गरज वाटली नाही. तेव्हापासून चौथा नियम आला.

आणि लेसिएलीनं निवडलेल्या माणसाकडं तर एकही कागद नव्हता.

तोआकासे आत्या भावाकडं आली ती तीन महिन्यांच्या परवान्यावर. लेसिएली तेव्हा तीन वर्षांची होती. नवरा समुद्रात बुडून गेलेला, चार वर्षांचा लोपेती आजीपाशी ठेवलेला. एक हंगाम द्राक्षं तोडायची, घराला पत्र्याचं छप्पर होईल एवढं पाठवायचं आणि परत जायचं असा बेत. परवाना संपला, एकाचे दोन हंगाम झाले, आणि त्यानंतर गेलं तर पुन्हा येता येणार नाही अशी गाठ बसली. चौदा वर्षं ती वरुलात राहिली आणि चौदा वर्षांत नदीवरचा पूल तिनं एकदाही ओलांडला नाही, कारण पलीकडं कधीमधी पोलीस गाड्या अडवत. सरकारची पांढरी गाडी दिसली की ती द्राक्षाच्या ओळीत खाली बसून बुटाची नाडी बांधायची. दुखलं-खुपलं तर मीठपाण्यानं शेकायची. फोनवर कोणीतरी ऐकत असतं अशी तिची खात्री होती, म्हणून पोराशीसुद्धा चारच वाक्यं बोलायची. जेवलास का, शाळेत गेलास का, आजीचं ऐकतोस का, प्रार्थना कर. तिचा आवाज कुठं साठवलेला म्हणून राहिला नव्हता.

घरात मात्र तिचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. भावाची बहीण ती, तिच्यापुढं सातेकी, एरवी वीस माणसांवर ओरडणारा मुकादम, मान खाली घालून बसायचा. पोरांच्या ताटातलं ती उचलून खाऊ शकायची. तिची उशी कोणी डोक्याखाली घेत नसे. रविवारी चर्चमध्ये ती गायला लागली की बाकीच्या बायका आपोआप एक पट्टी खाली यायच्या, आणि दारातून बाहेर पडली की तीच आत्या अंग चोरून भिंतीकडेनं चालायची. लेसिएलीला हे लहानपणापासून दिसत होतं. बारावीत आल्यावर तिला वाटलं, हे लिहायला हवं.

मे महिन्यातल्या एका रविवारी, चर्च झालं, अळूच्या पानांत बांधून भाजलेलं मांस खाऊन झालं, आणि ओसरीवर चटई टाकून आत्याभाची बसल्या. लेसिएलीनं फोन मधे ठेवला आणि संमतीचा इंग्रजी कागद टोंगन करून वाचायला घेतला. तुम्ही आपल्या खुशीनं बोलताय. कधीही थांबता येईल. तुमचं नाव बदललं जाईल. इथं ती अडखळली. म्हणाली, आत्या, खोटं नाव तूच सांग, मी नाही ठेवणार.

आत्याला गंमत वाटली. तिनं अंगातला कोट काढला, कॉलर उलटी केली. धर्मादाय दुकानातून आणलेला जुना तपकिरी कोट, आत कापडी पट्टीवर लाल दोऱ्यानं विणलेलं नाव. डोरीन.

"हिचंच लिही. कोण होती देवाला ठाऊक, पण चौदा थंड्या हिनंच काढल्यात माझ्या. मेली असेल तर तिला चालेल, जिवंत असेल तर तिला कळणार नाही."

दोघी हसल्या. लेसिएली पुढची ओळ वाचणार तोच आत्यानं हात केला. "पुरे गं. चर्चमध्ये पाद्रीसुद्धा एवढं वाचत नाही. कुठं करायची सही?"

पुढची ओळ चौथ्या नियमाची, आवाज पुसण्याची होती. लेसिएलीचं तोंड उघडलं होतं, ते तिनं मिटलं. आत्या पुरे म्हणाली की पुरे. तिथं भाचीनं पुन्हा "पण" म्हणायचं नसतं, म्हटलेलं कधी कोणी ऐकलं नव्हतं. आत्यानं मोठ्या वळणदार अक्षरांत सही केली. फोन चालू झाला.

दोन तास बोलली ती. चौदा वर्षं चार वाक्यांत आवरलेली बाई, तिला थांबवता येईना. लहानपण, बेट, नवऱ्याची होडी, पहिल्या हंगामात फुटलेले हात, मेलेल्या नातलगांची न दिसलेली प्रेतं. आणि चौथ्या वर्षी काढलेलं परतीचं तिकीट. जायचं नक्की झालं होतं, पिशवी भरली होती, आणि आदल्या आठवड्यात तिनं घरी फोन लावला.

"फोन कुणी घेतला, तर माझ्या लोपेतीनं. आठ वर्षांचा. मी म्हटलं, लोपेती, मी बोलतेय. तर पोरगं आत वळून ओरडतं कसं, 'आईऽ, त्या ऑस्ट्रेलियाच्या बाईचा फोन आलाय!' बाई! मी बाई!" आत्यानं मांडीवर थाप मारली आणि अशी हसली की खोकला लागला. मग डोळे पुसत म्हणाली, "आई म्हणाला तो माझ्या आईला. तिच्या कुशीत झोपत होता ना. मग मी विचार केला, मी जाऊन काय करणार? त्याचा हात धरून म्हणणार, ही नव्हे रे, मी? त्याची आई काढून घ्यायची त्याच्याकडनं? एकदा घेतली होतीच की मी."

शेजारी कुणीतरी गवत कापायचं मशीन चालवत होतं, पुढची काही मिनिटं त्याचाच आवाज तेवढा नोंदला गेला. तिकीट अजून बायबलात आहे, असं शेवटी म्हणाली आणि चहा टाकायला सांगितला.

अहवालाला दीड हजार शब्दांची मर्यादा. दोन तासांतलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं यात लेसिएलीचे दोन आठवडे गेले. हसणं कुठं लिहिणार? त्याला समाजशास्त्रात रकाना नाही. तिकिटाचा सगळा प्रसंग तिनं एका वाक्यात बसवला: "मुलानं आपल्याला आई म्हणून ओळखलं नाही, त्यामुळे डोरीननं परत जाण्याचा निर्णय रद्द केला." पास्को मिसनी त्या वाक्यासमोर समासात बरोबरची खूण केली आणि लिहिलं, नेमकं. चाळीसपैकी अडतीस गुण. वर्गात सगळ्यांत जास्त.

जूनच्या अखेरीस, सुटी लागायच्या दिवशी, सातही जणांनी मिसच्या टेबलासमोर रांग लावली. लेसिएलीची पाळी आली. फोननं विचारलं, नक्की पुसायचं? तिनं हो वर बोट ठेवलं, मग कचऱ्याच्या डब्यातूनही पुसलं, आणि मिसनी वहीत तारीख घालून तिची सही घेतली. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिची छाती फुगली होती. आपण आता नुसती शाळकरी पोर नाही, विद्या जाणणारी कुणीतरी आहोत असं वाटलं तिला.

आत्यानं अडतीस गुणांची दवंडी चर्चभर पिटली. लोपेतीलाही फोनवर चारच्या जागी पाच वाक्यं बोलली: मामाच्या लेकीनं माझी मुलाखत घेतलीय, तुझंपण सगळं त्यात बोललेय, कधी आलास की तिच्याकडनं ऐक. पंधरा दिवसांनी लेसिएलीलाही म्हणाली, "माझा आवाज कसा येतो गं त्यात? ऐकव की एकदा." लेसिएली म्हणाली, परीक्षा झाली की ऐकवते. का म्हणाली, हे ती आजही सांगू शकणार नाही. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं आणि आत्या बसून पुन्हा दोन तास बोलली असती. पण खरं सांगायचं म्हणजे न वाचलेल्या ओळीचंही सांगावं लागलं असतं. पोरीनं वेळ मारून नेली.

ऑगस्टात छाटणी चालू असताना, गवतावर दहिवर गोठलेल्या एका सकाळी, आत्या ओळीतल्या खांबाशी खाली बसली. पलीकडच्या बायकांना वाटलं पांढरी गाडी आली असेल, नाडी बांधतेय. त्यापण खाली बसल्या. गाडी कुठं दिसेना म्हणून उठल्या, तोवर आत्या गेलेली होती. छातीत कळ येते असं ती महिनाभर म्हणत होती. दवाखान्याचं कार्ड नाही म्हणून मीठपाण्यानं शेकत होती.

मर्तिकाला आत्याच्या भावाची पोरं मानानं सगळ्यांत खालची. लेसिएलीनं केस मोकळे सोडले, छातीपर्यंत येणारी सुतकाची जाडीभरडी, फाटकी चटई अंगाला गुंडाळली आणि चुलीमागं राबली. दहा दिवस ती तशीच शाळेतही गेली. पास्को मिसनी वर्गाला आधीच बजावून ठेवलं होतं, कोणी हसलं नाही. गावच्या दफनभूमीत क्रुसावर आत्याचं पूर्ण नाव रंगवलं, बापाच्या नावासह, बेटाच्या नावासह. चौदा वर्षांत पहिल्यांदा ते वरुलात उघड्यावर आलं.

लोपेतीला परवाना मिळून तो पोचायला पाच आठवडे लागले. तीन महिन्यांचा परवाना, आईला मिळाला होता तेवढाच. अठरा वर्षांचा उंच, सडपातळ पोरगा, हनुवटी अगदी आत्याची. बहिणींच्या खोल्या असलेल्या घरात भावानं झोपायचं नाही, म्हणून त्याची गादी मागच्या गॅरेजात घातली. सकाळच्या थंडीत तो कुडकुडताना दिसला तसा सातेकीनं त्याला आत्याचा तपकिरी कोट दिला. आत्याचं बायबलही दिलं. त्याच रात्री त्याला त्यात ते तिकीट सापडलं असावं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर सातेकीनं पुढच्या खोलीत जमिनीवर सगळं मांडलं. नाजूक विणीच्या चटया, झाडाच्या सालीपासून केलेल्या रंगीत कापडाच्या घड्या, मर्तिकाला आलेलं उत्तमातलं उत्तम. बहिणीचा मुलगा मामाच्या घरी येतो तेव्हा तो मागेल ते त्याचं. डुक्कर म्हणाला तर डुक्कर, गाडी म्हणाला तर गाडी. मामानं नाही म्हणायचं नसतं. लेसिएली स्वयंपाकघरात होती. भाऊ बसलेल्या खोलीत बहीण बसत नाही, आणि आतेभाऊ तो भाऊच. मधे पातळ भिंत, तिला सगळं ऐकू येत होतं.

लोपेतीनं चटयांना हात लावला नाही. हळू आवाजात म्हणाला, "मामा, हे राहू द्या. आईनं तिकीट काढलं होतं, मग आली का नाही, एवढंच मला कळायला हवंय. ती म्हणाली होती, लेसिएलीकडं सगळं बोललेय. मला तिचा आवाज द्या."

सातेकीला हायसं वाटलं असणार. मोठ्यानं म्हणाला, लेसिएली, फोन आण गं. त्या घरात भाच्यानं मागितलेली सगळ्यांत सोपी वस्तू.

लेसिएली दाराशी आली, नजर जमिनीवर ठेवून बापाला म्हणाली की ते पुसलं. सातेकी म्हणाला, पुन्हा सांग. तिनं पुन्हा सांगितलं, शाळेचा नियम होता, मी पुसलं. सातेकी ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो उठला, मागच्या दारानं बाहेर गेला आणि पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभा राहिला. भाच्याला रिकाम्या हातानं बसवून ठेवणारा मामा त्यानं कधी पाहिला नव्हता, आणि आता तो स्वतःच तसा मामा झाला होता.

दुसऱ्या दिवशी तास सुटल्यावर लेसिएली पास्को मिसकडं गेली. फोन दुरुस्त करणाऱ्याला दाखवून झालं होतं. एवढ्या दिवसांनी काही निघत नाही, तो म्हणाला होता. मिसकडं एखादी प्रत असेल का? मिसना उत्तर द्यायची गरज नव्हती. तिच्या बोटाकडं त्यांनी स्वतः बघितलं होतं.

"नियम बरोबर होता, लेसिएली," मिस म्हणाल्या. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बरोबर होता, म्हणूनच तुला काय सांगू कळत नाहीये मला."

"मिस, चौथी ओळ मी तिला वाचून दाखवलीच नव्हती. ती पुरे म्हणाली. मी थांबले."

मिसनी कुलपाच्या खणातून संमतीचा कागद काढला. खाली ती मोठी वळणदार सही. एकोणीस वर्षं त्या पोरांना सांगत आल्या होत्या की संमती म्हणजे नुसती सही नव्हे. आता त्या दोघी त्या सहीकडं बघत बसल्या. शेवटी मिसनी अहवालाची प्रत तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, त्याच्यासाठी एवढंच आहे.

लेसिएलीला ते देऊ नये असंच वाटत होतं. ते एक वाक्य तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. पण मागितलेलं नाकारायचं नसतं, आणि दुसरं काही नव्हतंच. संध्याकाळी तिनं अहवाल बापाच्या हातून पुढच्या खोलीत पाठवला आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी राहिली. पानं उलटल्याचा आवाज येत होता. सहावं पान उलटलं, मग काहीच नाही.

"डोरीन," लोपेती पलीकडून म्हणाला. "कोटावर आहे ते नाव."

"हो, दादा."

"म्हणजे मी ओळखलं नाही, म्हणून ती आली नाही."

किती सपाट म्हणाला तो. जणू कुणा दुसऱ्याचंच वाचून दाखवत होता. लेसिएलीला त्या घटकेला स्वतःच्या अडतीस गुणांची किळस आली.

"नाही दादा. ते वाक्य माझं आहे. तिचं नाही." ती भिंतीकडं वळली. "तिनं असं सांगितलंच नव्हतं."

"मग कसं सांगितलं?"

भावाचं तोंड दिसत नव्हतं हे एका अर्थी बरं झालं. तिनं डोळे मिटले, मांडीवर थाप मारली, आत्यासारखा घसा सैल सोडला आणि सुरुवात केली. फोन कुणी घेतला, तर माझ्या लोपेतीनं. आईऽ, त्या ऑस्ट्रेलियाच्या बाईचा फोन आलाय! बाई! मी बाई! मग कुशीत झोपण्याचं. मग हात धरून काय म्हणणार त्याचं. त्याची आई काढून घ्यायची त्याच्याकडनं? एकदा घेतली होतीच की मी. शब्द सगळे तिच्यापाशी होते, एकही हरवला नव्हता. आवाज मात्र तिचा स्वतःचा येत होता, सतरा वर्षांच्या पोरीचा, आणि शेवटाला तोही फाटला.

भिंतीपलीकडं पानं मिटल्याचा आवाज आला.

"हसली होती ती?" लोपेतीनं विचारलं. "बाई म्हणाल्यावर?"

"हो. खोकला लागेपर्यंत."

"मग?"

"मग शेजारी गवत कापायचं मशीन चालू होतं," लेसिएली म्हणाली. तिला खोटं बोलायचं नव्हतं.

तो म्हणाला, परत सांग. तिनं परत सांगितलं. तिसऱ्या वेळी मागच्या दारात सातेकी येऊन उभा होता. "बाई"पाशी तो हसला, त्याच्या बहिणीसारखाच, आणि हसता हसता तोंडावर हात घेऊन तिथंच पायरीवर बसला.

मग लोपेतीनं मामाकडं पेन मागितलं. पहिल्या पानापासून सुरू करून जिथं जिथं डोरीन होतं तिथं त्यानं सरळ रेघ मारली आणि वर आईचं नाव लिहिलं. सातेकी घाबरून म्हणाला, अरे, ते नाव लिहायचं नसतं, म्हणूनच तर बदललंय.

"आता तिला कोण पकडणार, मामा?" लोपेती म्हणाला.

चटया तो घेऊन गेला नाही. अहवाल आणि कोट घेऊन गेला. आजी थकली होती, परवान्याचे दोन महिने बाकी असतानाच तो परतला. तिला तो अजून आईच म्हणतो.

नोव्हेंबरात बारावीची परीक्षा झाली. समाजशास्त्राच्या पेपरात सहावा प्रश्न चार गुणांचा होता. संशोधनात माहिती देणाऱ्याची ओळख गुप्त का ठेवतात आणि नोंदी नष्ट का करतात, उदाहरणासह लिहा. लेसिएलीनं पास्को मिसनी शिकवलं होतं तसं उत्तर लिहिलं. माणसाला इजा होऊ नये म्हणून. त्यानं विश्वासानं सांगितलेलं भलत्या हाती जाऊ नये म्हणून. एकेक मुद्दा बरोबर, आणि त्यावर तिचा आजही विश्वास होता. मग उदाहरण. तिनं डोरीन लिहिलं, खोडलं, आणि लिहिलं: माझी आत्या तोआकासे, बेट एउआ, काम द्राक्षछाटणी, गाव वरुला. याचे गुण जाणार हे तिला ठाऊक होतं.

खाली तीनच ओळी मोकळ्या होत्या. घड्याळात अजून पाऊण तास उरला होता. तिनं हात वर केला आणि पुरवणी मागितली. देखरेखीला आलेल्या बाई म्हणाल्या, अगं, चार गुणांच्या प्रश्नाला? लेसिएली म्हणाली, हो, आणि मिळत असतील तर दोन पुरवण्या द्या.